मोफत प्रवेशाचे दिवस : अजिंठ्यापासून आधुनिक कलेपर्यंत

वर्षातील काही मोजक्या दिवशी संरक्षित स्मारकांत प्रवेशासाठी तिकीट घ्यावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील महाविद्यालयीन विद्यार्थी, चित्रकलेचे अभ्यासक आणि हौशी मित्रमंडळी यांच्यासाठी हे दिवस एकत्र बाहेर पडण्याचे निमित्त ठरतात. मात्र कोणत्या दिवशी कोठे जावे, याचा विचार आधी केला नाही, तर हाती केवळ गर्दीचा अनुभव येतो. चित्रे आणि शिल्पे पाहायची राहूनच जातात.

मोफत प्रवेश कधी?

जिल्ह्यातील अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबाद लेणी ही स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या अखत्यारीत आहेत. १९५९ च्या नियमांनुसार शुल्क माफ करण्याचा अधिकार या खात्याच्या महासंचालकांना असून, त्यासाठी त्या त्या वर्षी आदेश काढला जातो. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन त्यांपैकी प्रमुख होय. ‘इकोमॉस’ या संस्थेने १९८२ मध्ये तो सुचवला आणि १९८३ मध्ये युनेस्कोने त्यास मान्यता दिली. अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला तो याच वर्षी. १९ ते २५ नोव्हेंबर या वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशीही अलीकडे अनेकदा शुल्क माफ झाले आहे. ८ मार्च रोजी महिलांना मोफत प्रवेश देण्याची प्रथा २०२० पासून सुरू झाली. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ५ ते १५ ऑगस्ट २०२२ या काळात तर सलग अकरा दिवस देशभरातील स्मारके विनाशुल्क खुली होती.

पंधरा वर्षांखालील मुलांना मात्र कोणत्याही दिवशी तिकीट लागत नाही. त्यामुळे सवलतीच्या दिवसाचा खरा लाभ महाविद्यालयीन वयोगटाला आणि प्रौढांना होतो.

बचत किती होते?

२०१८ मध्ये ठरलेल्या दरांनुसार अजिंठा व वेरूळ येथे भारतीय पर्यटकास रोखीने ४० रुपये, तर मकबरा, दौलताबाद व औरंगाबाद लेणी येथे २५ रुपये मोजावे लागतात. ऑनलाइन तिकिटावर पाच रुपयांची सूट आहे. म्हणजे पाच मित्रांचा गट अजिंठ्याला गेला, तर मोफत दिवशी वाचतात दोनशे रुपये. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास, फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या बसचे भाडे आणि जेवण हा खर्च तसाच राहतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अजिंठ्याच्या बाबतीत तिकीट हा सर्वांत लहान खर्च आहे. त्याच्या बचतीसाठी गर्दीचा दिवस निवडणे फारसे शहाणपणाचे नाही.

भित्तिचित्रांची नाजूक प्रकृती

अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन रंगवलेली आहेत. बंदिस्त गुंफेत माणसांची संख्या वाढली, की श्वासोच्छ्वासातून आर्द्रता, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्याचा परिणाम गिलाव्यावर व रंगांवर होतो. म्हणूनच पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या या चित्रित लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांनाच सोडले जाते. फ्लॅश वापरून छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. गर्दीच्या दिवशी पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर क्षणभर उभे राहून पुढे सरकावे लागते. मंद प्रकाशाला डोळे सरावण्यासच काही मिनिटे लागतात, हे ध्यानात घेतले तर या घाईत काय निसटते, ते सांगावयास नको.

याउलट औरंगाबाद लेणी मोफत दिवसासाठी उत्तम. विद्यापीठामागील डोंगरात असलेल्या या लेण्यांकडे पर्यटकांची फारशी रीघ नसते. सातव्या लेण्यातील नर्तकी व वादकांचे शिल्प मित्रांनी एकत्र बसून, चर्चा करीत पाहण्याजोगे आहे. तेथून पायथ्याला उतरल्यावर मकबराही जवळच आहे. रिक्षाने किंवा दुचाकीने दोन्ही स्थळे अर्ध्या दिवसात होतात.

अजिंठा ते आधुनिक कला

आधुनिक भारतीय कलेचा अभ्यास करणाऱ्यास अजिंठा टाळता येत नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील अनेक लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार येथे राबले. अमृता शेरगिल यांनी १९३६ मध्ये अजिंठा-वेरूळ पाहिले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रशैलीने नवे वळण घेतले.

शेरगिल यांच्या चित्रांचा मोठा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. या संस्थेची दालने दिल्ली (१९५४), मुंबई (१९९६) आणि बंगळूरु (२००९) येथे आहेत. मराठवाड्यातील रसिकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघाल्यास सकाळी मुंबईत पोहोचता येते. काळा घोडा परिसरातील सर कावसजी जहांगीर सभागृहात हे संग्रहालय असून सोमवारी ते बंद असते. भारतीयांसाठी शुल्क नाममात्र आहे. जवळच १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात तर बाराही महिने प्रवेश मोफत असतो. समकालीन चित्रकार अनेकदा आपल्या चित्रांजवळच भेटतात, हे त्याचे वैशिष्ट्य.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी संग्रहांना शुल्क उरलेले नाही. लंडनच्या ‘टेट मॉडर्न’मध्येही कोणीही सहज डोकावू शकतो. वाटेत अर्धा तास मिळाला म्हणून एकच चित्र पाहून बाहेर पडण्याची मुभा अशा व्यवस्थेत मिळते. वर्षातून एकदा येणाऱ्या मोफत दिवसाने ती सवय लागत नाही. पहिली ओळख मात्र होऊ शकते.

जाण्यापूर्वी

अजिंठा लेणी सोमवारी, तर वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. मोफत दिवस नेमका त्याच वारी आला, तर आधी चौकशी करावी. त्या वर्षीचा आदेश निघाल्याची खात्री वृत्तपत्रांतून करून घ्यावी. गट चार-पाच जणांचाच ठेवावा. भिंतींना व मूर्तींना हात लावू नये. आणि अजिंठ्यासाठी शक्यतो आठवड्याच्या मधला, साधा, तिकिटाचा दिवस राखून ठेवावा. त्या चाळीस रुपयांत निवांतपणा मिळतो.