एका मशीनच्या पोटात दुसरं

निलंग्यात बसून लिनक्सचा सर्व्हर उभा करायचा म्हटलं की पुण्याची मित्रमंडळी हसतात. हसू देत. या विषयाचा इतिहास चाळताना मला मात्र सारखं वाटत राहिलं, की व्हर्च्युअल मशीन ही चीज पुण्या-मुंबईपेक्षा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावालाच जास्त लागू पडते. 'मशीन एक आणि हात मारणारे दहा' या अडचणीतूनच तर ती जन्माला आली.

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं धूड. किंमत विचारायची सोय नाही. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या मंडळींनी १९६७ मध्ये सीपी-४० नावाची प्रणाली चालवली. त्यातली युक्ती अशी, की प्रत्येक वापरणाऱ्याला अख्खं मशीन आपल्या एकट्याचंच आहे असं भासवायचं. त्याची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी. एकाने आपलं मशीन कोसळवलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. १९७२ मध्ये हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांसाठी आली. पुढे परकीय भागीदारी कमी करण्याच्या सरकारी अटीवरून बिनसलं आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. (तेव्हा लातूर जिल्हाही नव्हता बरं का! निलंगा उस्मानाबादेत. आमचा जिल्हा १९८२ चा.)

मग पीसी आले. स्वस्त आले, घरोघरी आले, पण ही युक्ती काही त्यांच्यावर चालेना. कारण मोठं मजेदार आहे. पाहुण्या प्रणालीने घरमालकाच्या अधिकारातलं काही करायला घेतलं, की प्रोसेसरने तिला अडवून मालकाला हाक मारली पाहिजे. इंटेलच्या पेन्टियममध्ये अशा १७ सूचना निघाल्या, ज्या अडवल्याच जात नव्हत्या. गुपचूप काहीतरी वेगळंच करून मोकळ्या व्हायच्या. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये यातून वाट काढली. पाहुण्याचा कोड चालायच्या आधी वाचायचा आणि अशा सूचना तिथल्या तिथे बदलून टाकायच्या. प्रोसेसरमध्येच सोय व्हायला २००५-०६ उजाडलं.

त्या काळात निलंग्यात ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांच्याकडे तो एकच होता. त्यावरच बारावीच्या पोराचा अभ्यास (लातूर पॅटर्न, दुसरं काय!), त्यावरच लग्नाचे फोटो आणि त्यावरच दुकानाचं टॅली. लिनक्स बसवायचं म्हणजे त्याच हार्ड डिस्कचे तुकडे पाडायचे. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि पार्टिशन चालू असताना गेली तर वर्षाचा हिशेब गेला. सीडी मिळणं हीसुद्धा एक कथाच. डायल-अपवर ७०० एमबी उतरवायला सलग दीड दिवसाहून जास्त लागायचा. उबुंटूवाले २०११ पर्यंत जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, ती आमच्याकडे आली होती. घरात सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली. संगणकात घालायला कुणाची हिंमत झाली नाही.

म्हणून मला २००७ हे साल फार मोलाचं वाटतं. त्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्स खुलं झालं आणि फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात, २.६.२० मध्ये, केव्हीएम आलं. जे आयबीएमच्या गिऱ्हाइकाला परवडत होतं, ते आता कुणालाही फुकट! व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक फाईल. आत वाट्टेल ते फॉरमॅट करा, टॅलीच्या केसाला धक्का लागत नाही. बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत. यूपीएस ओरडायला लागला तर चालतं मशीन आहे तसं डिस्कवर गोठवून ठेवायचं आणि लाईट आल्यावर त्याच ओळीपासून पुढे.

गाडी बहुतेक वेळा नेटवर्कपाशी अडते. सुरुवातीला मशीन नॅटवर असतं, म्हणजे पत्त्यावर 'मार्फत' लिहिलेल्या भाडेकरूसारखं. त्याने पाठवलेल्या पत्राची उत्तरं त्याला मिळतात, पण बाहेरून नव्याने कुणी शोधत आलं तर दार सापडत नाही. एक तर मालकाचं २२२२ नंबरचं दार आतल्या २२ ला जोडून द्यायचं, की एसएसएचने आत जाता येतं. नाहीतर ब्रिज निवडून त्याला राउटरकडून स्वतंत्र पत्ता घेऊ द्यायचा. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याने पहिलाच मार्ग धरावा. गावभर दार उघडं ठेवायची घाई कशाला?

राहता राहिली भाषा. आमच्या आजोबांच्या पिढीला कचेरीत अर्ज करायचा तर उर्दू लागायची. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं ना. सर्व्हरची कचेरी इंग्रजीत चालते. तरी २००९ च्या डेबियन ५.० पासून इन्स्टॉलर मराठीत आहे, स्वयंसेवकांनी केलेला. मात्र तो चित्रमय इन्स्टॉलरातच दिसतो, काळ्या पडद्याच्या इन्स्टॉलरात नाही. त्या पडद्याच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकार मावतात आणि एका घरात एकच आकार. 'कि' मधली वेलांटी उच्चारात क नंतर आणि लिहिताना क च्या आधी, हे त्याच्या गावीही नाही. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

तेव्हा बसवताना मराठी निवडलं, तरी मशीन सुरू झाल्यावर लॉगिन इंग्रजीतच मागतं. पण एसएसएचने बाहेरून आत गेलं की अक्षरं काढायचं काम तुमच्या खिडकीकडे येतं. मी आत 'पीकविमा' नावाचं फोल्डर केलं, यादी मागवली, तर बरोब्बर 'पीकविमा' आलं. मग हौसेने 'निलंगा तालुक्यातील रस्ते' केलं. त्यात 'स्ते' ची जागा जरा सरकली होती. वाचता मात्र येत होतं.