श्रवणतज्ज्ञ
श्रवणतज्ज्ञ अथवा ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणदोषांची तपासणी आणि पुनर्वसन करणारा व्यावसायिक होय. श्रवणतज्ज्ञ शस्त्रक्रिया करीत नाहीत. ते काम कान-नाक-घसा शल्यविशारदांचे असते. भारतात या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) हे शिक्षण मिळते.

प्रौढ व्यक्ती ध्वनी ऐकू येताच बटण दाबते. त्यावरून साधारणतः २५० ते ८००० हर्ट्‌झ या पट्ट्यातील श्रवणालेख काढतात. अर्भकाकडून असे उत्तर मिळत नसल्याने ते झोपेत असताना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ‘बेरा’ चाचणीने श्रवणचेता व मस्तिष्कस्तंभाचा प्रतिसाद नोंदवतात. भांडे पडल्यावर मूल दचकते, म्हणून त्याला नीट ऐकू येते, हा घरच्यांचा समज अनेकदा चुकीचा ठरतो. सौम्य आवाजातील बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत नसते आणि निदान लांबल्यास भाषा आत्मसात करण्याची सर्वांत महत्त्वाची पहिली वर्षे हातची जातात.