संकरित मोटारीची शंभर वर्षांची वाट

पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर या दोहोंच्या बळावर धावणारी संकरित गाडी ही अगदी अलीकडची उपज होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १९०० साली व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे या पंचविशीतील तंत्रज्ञाने अशी गाडी सिद्ध केली होती. दोन लहान एंजिनांनी जनित्रे फिरवावीत, त्यांनी वीज निर्माण करावी आणि त्या विजेवर चाकांतच बसविलेल्या मोटरींनी गाडी ओढावी, अशी ती योजना होती. गाडीचे नाव होते ‘सेम्पर व्हायव्हस’, म्हणजे सदा जिवंत.

परंतु हा वंश वाढला नाही. असली गाडी जड होती, महाग होती. आणि तिचा प्रतिस्पर्धी दिवसेंदिवस सुधारत होता. १९०८ पासून फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ने मोटार सामान्यांच्या आवाक्यात आणली. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट सरले. विजेच्याच एका लहानशा मोटरीने पेट्रोलगाडीचा जय पक्का करावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! पुढे १९७३ साली तेलाचा तुटवडा पडेपर्यंत काटकसरीची फिकीर फारशी कोणी केली नाही.

१९९३ साली जपानच्या टोयोटा कंपनीने येत्या शतकाच्या गाडीचा विचार आरंभिला. ताकेशी उचियामादा हे त्या कार्याचे प्रमुख अभियंते. इंधनाची कार्यक्षमता प्रथम दीडपट करावयाची होती. वरिष्ठांनी दुप्पट मागितली, तेव्हा संकरित रचनेवाचून गत्यंतर उरले नाही. १९९५ साली पहिली चाचणीगाडी तयार झाली, ती ४९ दिवस जागची हललीच नाही. आणि हलली तेव्हा अवघे ५०० मीटर गेली. तरीही डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रिअस’ जपानच्या बाजारात आली.

तिची युक्ती ध्यानी घेण्याजोगी आहे. साधी गाडी गर्दीत थांबत-थांबत चालते तेव्हा एंजिन व्यर्थ धगधगत राहते, आणि ब्रेक दाबताच गतीची उष्णता होऊन वाया जाते. प्रिअस बहुधा मोटरीवर निघते. वेग वाढला की एंजिन साथीला येते, आणि ग्रहमालेसारखी रचलेली दंतचक्रे त्याची शक्ती चाके व जनित्र यांत वाटून देतात. ब्रेक लावताच मोटरच जनित्र बनते व वाया जाणाऱ्या गतीचा काही अंश बॅटरीत परत साठतो. सिग्नलपाशी एंजिन स्तब्ध होते.

परदेशी ग्राहकांपर्यंत ती २००० साली पोचली. अमेरिकेत होंडाची दोन आसनी ‘इनसाइट’ १९९९ मध्येच आली होती. २००३ च्या प्रशस्त प्रिअसने कुटुंबवत्सल ग्राहक जिंकला. २००९ साली ती जपानात सर्वांत अधिक खपली. आणि जानेवारी २०१७ पर्यंत टोयोटाच्या संकरित गाड्यांची एकूण विक्री एक कोटीवर गेली.

या गाडीलाही पेट्रोल लागतेच, हे विसरून चालणार नाही. तिने उधळपट्टी कमी केली, व्यसन सोडविले नाही. पोर्शेची कल्पना १९०० मध्येही खरीच होती. तिला हवी होती ती हलकी बॅटरी, क्षणोक्षणी हिशोब करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि काटकसरीची निकड भासणारा समाज. या तिन्हींची गाठ पडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.