पोट आणि पाणी : बंगळूरच्या तलावांची गोष्ट

मराठी माणूस घर सोडतो तो 'पोटापाण्यासाठी'. आपण बहुतेक जण तसेच बंगळूरला आलो. कोणी सरकारी कारखान्यात, कोणी बँकेत, तर अलीकडची तरुण मंडळी संगणकाच्या क्षेत्रात. पोटाची सोय या शहराने उत्तम केली. पाण्याचे काय झाले, हा विषय मात्र आपल्या गप्पांत क्वचितच निघतो. निवृत्तीनंतर जुनी पुस्तके आणि नकाशे चाळताना मला जे उमगले, ते थोडक्यात आपल्यापुढे ठेवतो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि शहराजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. १५३७ च्या सुमारास केंपेगौडांनी येथे पेठ वसवली. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी हे तलाव त्याच परंपरेतले. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे या तलावांच्या पाण्याशी आपले नाते जवळजवळ चारशे वर्षांचे आहे.

तलावांची रचना साधी होती. उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे. एक तलाव भरला की जादा पाणी कालव्याने खालच्या तलावात जायचे. या कालव्यांना कन्नडमध्ये 'राजकालुवे' म्हणतात. कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचे ते 'नीरगंटी' पाहत असे, आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीतील पाटकऱ्यासारखाच. भातशेती करणारे, भाजीमळेवाले, धोबी, मासेमार, विटा पाडणारे अशा सगळ्यांची पोटे तलावावर चालत. शेतकरी गाळ उपसून खत म्हणून शेतात नेत, त्यामुळे तलावही खोल राहत. तलाव राखणे आणि पोट भरणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच.

मग नळ आला. १८९० च्या दशकात हेसरघट्टाहून, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी शहरात येऊ लागले. यातली एकही योजना चुकीची म्हणता येणार नाही. वाढत्या वस्तीला पाणी हवेच होते. पण घरात नळ आल्यावर तलावाकडे कोण बघणार? गाळ साचला, डास झाले, हिवतापाची भीती वाढली आणि तलाव ही 'मोकळी जागा' दिसू लागली. धर्मांबुधीच्या जागी आज मॅजेस्टिकचा बसस्थानक परिसर आहे. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम उभे आहे. तिथे करगा उत्सवाच्या विधींपुरते छोटे कुंड तेवढे उरले आहे.

दरम्यान शहराचे नशीब फळफळले. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने विमानांचा कारखाना काढला. त्यानंतर आयटीआय, एचएमटी, बीईएल आले. १९४१ मध्ये सुमारे ४ लाख असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये पावणेआठ लाखांवर गेली आणि २०११ च्या जनगणनेत ८४ लाखांच्या पुढे. आमच्या पिढीचे संसार याच कारखान्यांवर उभे राहिले, मुलांची शिक्षणे झाली. त्यामुळे 'विकास वाईट' असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

परंतु वाढलेल्या वस्तीचे सांडपाणी त्याच राजकालुव्यांतून त्याच तलावांत उतरले. १९८५ मध्ये सरकारने लक्ष्मण राव समिती नेमली आणि तिने उरलेले तलाव राखण्याच्या शिफारशी केल्या. तरीही सांडपाणी थांबले नाही. साखळीच्या खालच्या टोकाला असलेल्या बेळ्ळंदूर तलावावर साबणाचा फेस रस्त्यापर्यंत येऊ लागला, आणि २०१५ व २०१७ मध्ये तर चक्क तलावाला आग लागली. पाण्याला आग! २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याबद्दल सरकारला धारेवर धरले.

जमाखर्च मांडला तर हिशेब असा दिसतो. दारातले पाणी आपण ताळेबंदातून वगळले आणि शंभर किलोमीटरवरून, सुमारे अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलेल्या पाण्याचे वीजबिल भरत बसलो. २०२३ चा पाऊस कमी झाला, बोअरवेल आटल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लाखो रुपयांच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसे टँकरची वाट पाहत उभी होती. झोपडीतल्यांना ही सवय आधीपासूनच होती.

यात आशेचा किरणही आहे. जक्कूरच्या तलावात शुद्धीकरण केलेले सांडपाणी पाणवनस्पतींतून गाळून सोडतात आणि तिथे मासेमारी चालते. सर्जापूर रस्त्यावरचा कैकोंड्रहळ्ळी तलाव नागरिक आणि महापालिका यांनी मिळून सावरला. २०१८ पासून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी कोलारच्या कोरड्या तलावांना दिले जाते. ज्या तलावांना पुन्हा काही काम मिळाले, ते टिकले. नुसते कुंपण घालून आणि बाके मांडून तलाव जगत नाही. कोणाचे तरी पोट किंवा पाणी त्यावर अवलंबून असावे लागते.

आपल्या सोसायटीचे सांडपाणी शेवटी कोणत्या तलावात जाते, शुद्धीकरण यंत्र खरोखर चालू असते की फक्त कागदावर, हे प्रत्येकाने एकदा चौकशी करून पाहावे. उलसूर आणि सँकी तलावांच्या काठी विसर्जनासाठी वेगळ्या कल्याणी बांधलेल्या आहेत. शाडूची छोटी मूर्ती घेऊन आपण तिथे जाऊ, तेव्हा पलीकडच्या तलावाकडेही जरा बघूया. पोटासाठी आलो, आता पाण्याचेही देणे फेडूया.

गणपती बाप्पा मोरया!