धूळपाटी, शिळाछाप आणि चोवीस पंतोजी

पंतोजीच्या शाळेत नव्याने आलेल्या मुलापुढे जी फळी मांडली जाई, तिच्यावर विटेची भुकटी किंवा बारीक माती पसरलेली असे, आणि लाकडी काडीने तीत गिरवलेले अक्षर चुकले, तर तळहाताने ते मोडून त्याच जागी नवे काढता येई. या धूळपाटीस आपण दारिद्र्याचे चिन्ह समजत आलो. परंतु ज्याने लहान मुलास अक्षर शिकवण्याचा यत्न केला आहे, त्यास या साधनातील योजकता सहज ध्यानात येईल. अक्षर काढताना मोठ्याने त्याचा उच्चार करावयाचा, डोळ्यांनी वळण पाहावयाचे, बोटांना मातीचा अवरोध जाणवावयाचा आणि चुकीचा मागमूसही उरू द्यावयाचा नाही, असा तेथील शिरस्ता. धुळाक्षरे बसली की बोरू व कित्ता, त्यामागून मोडी खर्डे, आणि दिवेलागणीस परवचा: पाढ्यांपासून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ते थेट औटकीपर्यंत. जमाबंदीच्या दफ्तरातील कारकुनास किंवा पेठेतील गुमास्त्यास जे जे लागे, ते ते या क्रमात बसवलेले होते. अर्थबोधाकडे तेथे दुर्लक्ष होते, आणि मुलींना व अस्पृश्य गणलेल्या जातींना ते दार बंद होते, हे दोष मोठेच. तथापि साधन, पाठ आणि प्रयोजन यांचा मेळ त्या ओसरीवर होता, हे मान्य केले पाहिजे.

वाळूत अक्षरे गिरवण्याची ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मलबारी मुलांना ती गिरवताना पाहिले, आपल्या शाळेत ती आणली, वरच्या मुलाने खालच्या मुलास शिकवण्याच्या पद्धतीशी तिची सांगड घातली आणि 1797 साली लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त छापला. पुढे मुंबई इलाख्यात शाळांची तजवीज होऊ लागली, तेव्हा हीच पद्धती, लेक सासरच्या नावाने माहेरी यावी तशी, बेल आणि इंग्लंडात तिचा प्रसार करणारा लँकेस्टर यांच्या नावाने परत आली.

ही तजवीज करणारी मंडळी 1822 साली स्थापन झाली व 1827 पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. तिच्यापुढील पहिली अडचण पुस्तकांची. बाळबोधाचे खिळे पाडणे कष्टाचे, आणि हात न उचलता धावणाऱ्या मोडीचे तर त्याहून दुर्घट. शिळाछापाने ती अडचण बरीचशी दूर केली. उत्तम वळणाच्या लेखकाने तेलकट शाईने कागदावर लिहावे, तो कागद गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर दाबून अक्षरे तिच्यावर उतरवावी, मग शिळा भिजवून रूळ फिरवावा. ओल्या दगडास शाई चिकटत नाही, अक्षरांस तेवढी चिकटते, आणि मूळ लेखकाच्या हाताचे वळण जसेच्या तसे शेकडो प्रतींत उमटते. मला या कलेचे विशेष वाटते ते येथेच: कित्ता घालून देणारा हात तिने नाहीसा केला नाही, तो गावोगाव पोहोचवला.

परंतु सोसायटीचे खरे शहाणपण पुढेच आहे. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशाने इंजिनियर. शास्त्री जगन्नाथ क्रमवंत यांच्या साहाय्याने त्यांनी गणिताचे ग्रंथ मराठीत आणले, आणि 1847 च्या सुमारास शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा पुरस्कार करीत असता देशभाषेची बाजूही त्यांनीच लावून धरली. नवे पुस्तक जुन्या पंतोजीच्या हाती नुसते दिले, तर तो त्याचाही परवचा करील, हे या मंडळींनी ओळखले, आणि शिक्षकांना आधी शिकवून तयार केले. 1826 साली असे चोवीस मराठी पंतोजी दख्खन व कोंकणातील शाळांवर रवाना झाले. इतक्या विस्तीर्ण मुलखास चोवीस माणसे! पण पुस्तकाबरोबर ते शिकवणारा माणूसही घडवला पाहिजे, ही दृष्टी त्या काळी होती, आणि आज वर्गावर्गांत पडदे बसवताना शिक्षकास मात्र त्याचा पाठ नव्याने रचण्यासाठी आठवड्याचीही सवड न देणारा कारभार पाहिला म्हणजे ती दृष्टी अधिकच मोठी वाटते.

हेच काम 1845 साली बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना वंदन करतो, पण भूगोल, व्याकरण आणि नीतिकथा यांची पुस्तके मुलांसाठी लिहिलेला हा पंडित अखेरीस गावच्या शाळांसाठी मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल वर्गाचा प्रमुख होता, हे क्वचितच सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, मे 1846 मध्ये, ते वारले.

पुढे शिक्षणखात्याच्या आश्रयाने 1861 साली शिक्षकांसाठी ‘मराठी शाळापत्रक’ निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवले, आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचे संस्कृत कवींवरील निबंध त्यातच आले. 1875 साली सरकारने ते बंद केले. ज्यांच्या हाती आज शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना आखण्याचे काम आहे, त्यांनी त्याचे जुने अंक एकवार अवश्य चाळावेत.