टर्मिनलखालचं रिकामं स्टेशन : नारिता ते टोकियो

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. विमानतळावरून शहरात कसं जायचं? आपण सगळेच हा प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर टॅक्सीवाल्याच्या हातात असतं. पण हाच प्रश्न इतिहासाला विचारायचा असेल तर थोडा वळवून विचारावा लागतो. शहरात जायची वाट जशी आहे, तशी का आहे? ती कोणी ठरवली, आणि वाटेत कोण राहत होतं?

त्यासाठी मी तुम्हाला आज टोकियोला नेतोय. खरं म्हणजे टोकियोच्या साठेक किलोमीटर अलीकडे, चिबा प्रांतातल्या नारिता विमानतळावर. २० मे १९७८ ला हा विमानतळ सुरू झाला, तेव्हा टर्मिनलच्या बरोबर खाली, जमिनीत, एका रेल्वे स्टेशनचा सांगाडा बांधून तयार होता. त्याच्या वरून रोज हजारो प्रवासी बॅगा ओढत जात होते. खाली एकही गाडी येत नव्हती. पुढे जवळजवळ तेरा वर्षं आली नाही. जपानसारख्या देशात, जिथे गाडी मिनिटभर उशिरा आली तरी माफी मागतात, तिथे हे घडलं. का घडलं, तेच आज बघायचंय.

सुरुवात जुन्या विमानतळापासून करू. टोकियोचा जुना विमानतळ हानेदा. समुद्राच्या खाडीला लागून आणि शहराच्या अगदी कुशीत. १९६४ च्या ऑलिंपिकआधी तीनेक आठवडे तिथून हामामात्सुचो स्टेशनपर्यंत मोनोरेल सुरू झाली. तेरा किलोमीटर, पंधरा मिनिटं. खाडीच्या पाण्यावरून गाडी जायची. म्हणजे शहरात कसं जायचं, हा प्रश्न टोकियोने एकदा सोडवलेला होता.

पण जेट विमानं आली, प्रवासी वाढले, हानेदा अपुरा पडायला लागला. १९६५ मध्ये सरकारने नव्या विमानतळासाठी तोमिसातो या गावाचं नाव पुढे केलं. तिथल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. मग जून १९६६ मध्ये जागा काही किलोमीटर सरकली आणि सानरिझुका नावाच्या भागावर बोट ठेवलं गेलं. ४ जुलै १९६६ ला पंतप्रधान ईसाकु सातो यांच्या मंत्रिमंडळाचा ठराव झाला. म्हणजे नाव निघाल्यापासून शिक्का बसेपर्यंत दोन आठवडेसुद्धा गेले नाहीत. गावकऱ्यांना कोणी काही विचारलं नाही.

सरकारचा हिशेब कागदावर चोख होता. सानरिझुकात सम्राटाच्या घराण्याचं मोठं कुरण होतं, म्हणजे जमिनीचा बराच भाग आयता हातात. उरलेली जमीन घ्यायची. पण ती कोणाची होती? यातले बरेच जण युद्धानंतर तिथे वसलेले होते. मांचुरियातून सर्वस्व गमावून परतलेली माणसं, ज्यांना सरकारनेच सांगितलं होतं की हे रान तोडा आणि शेती करा. त्यांनी मुळं उपटली, माती सुधारली, वीस वर्षांत कुठे हाताला पीक लागायला लागलं होतं. आणि आता तेच सरकार म्हणत होतं, उठा.

ते उठले नाहीत. त्यांच्या संघटनेचं नेतृत्व तोमुरा इस्साकु यांच्याकडे आलं. हे गृहस्थ शेतीची अवजारं विकणारे, धर्माने ख्रिस्ती आणि छंदाने शिल्पकार. पुढे डाव्या विद्यार्थी संघटना येऊन मिळाल्या आणि लढा चिघळत गेला. शेतकऱ्यांनी जमिनीत भुयारं खणली, स्वतःला झाडांना साखळ्यांनी बांधून घेतलं. १९७१ मध्ये सक्तीने भूसंपादन झालं. त्या सप्टेंबरात एका चकमकीत तीन पोलीस मारले गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच एका वृद्ध बाईचं राहतं घर पाडलं गेलं. मी या दोन्ही गोष्टी मुद्दाम एकाच दमात सांगतोय. कारण या लढ्याच्या हकिकती सांगताना लोक यातली एक सांगतात आणि दुसरी गाळतात.

धावपट्टी झाली. मग आंदोलकांनी तिच्या तोंडाशी साठ मीटरहून उंच लोखंडी मनोरा उभा केला. धावपट्टी चार किलोमीटरची, पण विमान उडणार कसं? तो मनोरा १९७७ च्या मे महिन्यात पाडला. उद्घाटन ३० मार्च १९७८ ला ठरलं. चार दिवस आधी, २६ मार्चला, काही आंदोलक सांडपाण्याच्या भुयारातून वर आले, थेट नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि तिथली यंत्रं फोडून टाकली. उद्घाटन दोन महिने पुढे गेलं.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी कदाचित ऐकली असेल. नवी मुंबई, उरण, पनवेलकडच्या श्रोत्यांना तर ती ओळखीची वाटेल. दि. बा. पाटील आणि जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन तिथे कोणी विसरलेलं नाही. पण नारिताच्या बाबतीत एक दुसरी लढाई झाली, जी विमानतळाच्या कुंपणाबाहेर होती. तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्यातच आहे.

विमानतळ साठ किलोमीटर लांब न्यायचा, तर प्रवाशांना आणायचं कसं? सरकारचं उत्तर होतं शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. टोकियो स्टेशनपासून नारितापर्यंत ६५ किलोमीटर, अर्ध्या तासात. १९७२ मध्ये मंजुरी मिळाली. टर्मिनलखालचं ते स्टेशन या गाडीसाठी होतं.

आता ही रेघ नकाशावर ओढून बघा. ती टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा या दाट वस्तीच्या भागातून जात होती. मधला थांबा एकच, तोही पार चिबातल्या एका नव्या वसाहतीत. एदोगावाच्या लोकांना काय मिळणार होतं? आवाज आणि थरथर. गाडी त्यांच्या डोक्यावरून जाणार, पण त्यांच्यासाठी थांबणार नाही. आपल्याकडच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला निदान विरार-बोईसरला थांबे तरी आखलेत, आणि तरी पालघरमध्ये काय झालं ते आपण पाहिलं. एदोगावाची नगरसंस्था स्वतः न्यायालयात गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बांधकामाच्या योजनेला मंत्र्याने दिलेली मंजुरी ही सरकारी यंत्रणेची अंतर्गत बाब आहे, तिच्याविरुद्ध नागरिकांना दाद मागता येणार नाही. जपानच्या प्रशासकीय कायद्यात हा निकाल आजही शिकवतात.

म्हणजे कागदावर सरकार जिंकलं. आणि रेल्वे? ती आलीच नाही. १९७४ मध्ये विमानतळाच्या बाजूने काम सुरू झालं होतं, काही किलोमीटरचा मार्ग उभाही राहिला. पण टोकियोच्या बाजूला लोक जमीन देईनात, नगरपालिका सहकार्य करीनात. १९८३ मध्ये काम गोठलं, १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचं विभाजन झालं तेव्हा योजनाच बाद झाली. खटला जिंकता येतो, पण पासष्ट किलोमीटरवर प्रत्येक परसात पोलीस उभा करता येत नाही.

या सगळ्यात सर्वांत केविलवाणी अवस्था झाली ती केइसेई या खाजगी रेल्वे कंपनीची. ही कंपनी नारिता गावातल्या जुन्या मंदिराला भाविक नेता-नेता मोठी झालेली. त्या मंदिरातला देव म्हणजे फुदो, न हलणारा. तो मूळचा आपल्याकडचाच, वज्रयानातला अचल. तर केइसेईने विमानतळासाठी १९७२ मध्ये नव्या कोऱ्या गाड्या बांधून घेतल्या, नाव ठेवलं स्कायलायनर. गाड्या तयार आणि विमानतळाचा पत्ता नाही. नवरदेव बोहल्यावर उभा आणि नवरीचं गावच सापडेना, तशातली गत. शेवटी १९७३ सरता-सरता त्या गाड्या विमानाच्या प्रवाशांऐवजी देवदर्शनाला जाणाऱ्यांना घेऊन धावू लागल्या. आणि १९७८ च्या मे महिन्यात, विमानतळ उघडायला पंधरा दिवस राहिले असताना, कारशेडमध्ये उभ्या असलेल्या एका स्कायलायनरला आग लावली गेली.

एवढं सोसून केइसेईला टर्मिनलखाली जागा मिळाली का? नाही. ती राखीव होती, शिंकान्सेनसाठी. जी येणार नव्हती तिच्यासाठी. केइसेईला दूर, एका बाजूला स्टेशन बांधावं लागलं. म्हणजे प्रवाशाने काय करायचं? टर्मिनलमधून बाहेर यायचं, बस पकडायची, तिचं वेगळं भाडं द्यायचं, स्टेशनवर उतरायचं, पुन्हा बॅगा उचलायच्या, मग तासाभरात उएनो. बहुतेकांनी हा द्राविडी प्राणायाम टाळला आणि सरळ एक्स्प्रेसवेवरच्या बस धरल्या. टोकियोच्या हाकोझाकी भागात त्यासाठी खास सिटी टर्मिनल होतं. शहरातच सामान देऊन बसमध्ये बसता येई. सोय खरोखर चांगली होती, पण बस शेवटी रस्त्यावरच चालते आणि टोकियोचे रस्ते भरलेले असत. बेंगळुरूचे श्रोते इथे हसत असतील. त्यांचा विमानतळ २००८ मध्ये देवनहळ्ळीला गेला आणि त्यानंतरची पंधरा वर्षं ते मुख्यतः बस आणि टॅक्सीवरच होते.

कोंडी सुटायला एक मंत्री लागला. १९८७ च्या अखेरीस शिंतारो इशिहारा परिवहन मंत्री झाले. हेच पुढे टोकियोचे गव्हर्नर झाले, आणि त्यांची बरीच मतं मला मुळीच पटत नाहीत. पण १९८८ मध्ये त्यांनी सरळ प्रश्न केला: खाली स्टेशन बांधलेलं आहे, तर गाड्या का नाहीत? साध्या रेल्वेच्या गाड्या तिथे आणा. १९ मार्च १९९१ ला त्या स्टेशनात पहिल्यांदा गाडी आली. एका बाजूला जेआरची नारिता एक्स्प्रेस, दुसऱ्या बाजूला केइसेईची स्कायलायनर.

त्याच वर्षी आणखी एक बदल सुरू झाला. सरकार आणि शेतकरी, निदान त्यांच्यातला एक गट, समोरासमोर बसले. जाहीर चर्चासत्रं झाली, ती वर्षानुवर्षं चालली. सक्तीने जमीन घेणार नाही, असं सरकारला मान्य करावं लागलं. १९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी माफी मागितली. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती ठरल्यापेक्षा आखूडच होती, कारण मध्ये लोकांची जमीन होती आणि ती तशीच राहिली. तणाव किती मुरला होता पाहा: विमानतळाच्या आवारात शिरणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पाहुण्याला सोडायला आलेल्यालासुद्धा, ओळखपत्र दाखवावं लागे. हा नियम २०१५ मध्ये उठला.

मग त्या शिंकान्सेनचं काय झालं? तिची हाडं वाया गेली नाहीत. टोकियो स्टेशनच्या दक्षिणेला तिच्यासाठी जी जागा धरली होती, तिथे आता केइयो लाइनचे फलाट आहेत. डिस्नेलँडला जाताना मुख्य स्टेशनातून चालून-चालून पाय दुखतात ना, त्याचं कारण हे. आणि विमानतळाकडच्या बाजूला जो मार्ग बांधून पडला होता, त्याच्यावरून जुलै २०१० पासून नवी स्कायलायनर धावते. ताशी १६० किलोमीटर. निप्पोरीपासून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत ३६ मिनिटं. शिंकान्सेनचा वायदा टोकियो स्टेशनपासून तीस मिनिटांचा होता.

केइसेईचं ते जुनं, बाजूला टाकलेलं स्टेशनही अजून चालू आहे. नाव बदलून हिगाशी-नारिता झालं. मोठा थोरला फलाट, मोजकी माणसं. दुसऱ्या टर्मिनलपासून तिथे जायला जमिनीखालून अर्धा किलोमीटर लांब बोगदा आहे, बहुतेक वेळा रिकामा. त्याच्या पुढे २००२ पासून शिबायामा नावाची एक छोटी रेल्वे जाते, अवघी २.२ किलोमीटर. विमानतळामुळे पूर्वेकडच्या ज्या गावांची वाट तुटली, त्यांना भरपाई म्हणून ती दिलेली आहे. विमानतळाच्या पोटाखालून ती बाहेर पडते, एका स्टेशनवर जाते आणि तिथून परत फिरते.