दाखल्याआधी काम : किर्लोस्करवाडीची शिकवण

किर्लोस्करवाडीचा इतिहास आपण बहुधा लोखंडी नांगराच्या अंगाने सांगतो. तो नांगर घडवणारे हात कुठून आले, हा प्रश्न मागे राहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तिथे त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या माळावर वाडी उभी राहू लागली.

अशा माळावर पदवीधर कुठून येणार? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक यंत्ररचनाकार झाले. शंभूराव जांभेकरांनी कारखान्याची यंत्रे सांभाळली. कोणत्याही एका कामात विशेष गती नसलेले के. के. कुलकर्णी अडचणी निस्तरणारे व्यवस्थापक ठरले. वसाहतीची आखणी व कारभार थोरले बंधू रामुअण्णांकडे होता. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी कौशल्य सिद्ध करा, मग जबाबदारी घ्या, असे इथे नव्हते. जबाबदारी आधी मिळे आणि ती पेलताना कौशल्य येई. बढतीचा अन्याय सोसलेल्या शिक्षकाने माणसाची पारख दाखल्यावरून करण्याचे नाकारले, हेच त्याच्या नेतृत्वाचे मर्म.

पण या कथेला मर्यादाही आहे. दरोड्याची शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले, हे कौतुकाने सांगितले जाते. विश्वास खरोखर मोठा होता; काम मात्र जुनेच. गावाची राखण हे रामोशांचे परंपरागत काम. विश्वास वेशीपर्यंत पोहोचला म्हणजे तो लेथपर्यंत पोहोचला, असे होत नाही. शिवाय वाडीच्या आठवणी मुख्यतः मालकांच्या घरातून लिहिल्या गेल्या. कामगाराच्या लेखणीतून फारच थोड्या.

आज कौशल्यविकासाची शिबिरे भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. वाडीचा अनुभव सांगतो की, शिकलेले वापरायला खरे काम आणि चुकायला थोडी मोकळीक मिळाली नाही, तर ते प्रमाणपत्र भिंतीवरच राहते. आणि ते काम कुणाच्या वाट्याला येते, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही नेतृत्वाची थोरवी मोजता येत नाही.